मोरीवरचा रानलसूण

मी मूळची हिमायतनगरकडली. लग्न होऊन मुदखेडला आले तवा माझी जाऊ शांता आधीच घरात होती, तिनं मोरीच्या पाण्यावर रानलसूण लावलेला, माहेराहून पदरात बांधून आणलेला. काय सांगू बाई तुला, त्या लसणानं सगळं अंगण खाल्लं. मोगऱ्यात तोच, गुलाबाच्या कुंडीत तोच. उपटला की खाली बारीक गड्ड्या सुटून राहतात अन् एकाच्या जागी मूठभर उगवतो. शांता हसायची, उपट उपट, मी मेल्यावरबी तुझ्या अंगणातून जात न्हाई.

कावीळ झाली अन् गेली बिचारी. तिची लेक मालन मीच वाढवली.

पुढं त्या लसणात शेजारची लिली घुसली. फूल नसलं की दोघांची पात सारखीच, पण लिली म्हणजे विष. पात चुरगळून हुंगायची, वास आला तर लसूण. अन् दर पातीला हात धुवायचे, न्हाईतर बोटांचाच वास येतो अन् लिलीबी लसूण वाटती.

मालन बाळंतपणाला आली, मी गिरणीत गेलेली, हिला आईच्या हातच्या चटणीची आठवण झाली. एका दमात मूठभर पात तोडली, वाटली, भाकरीसंग खाल्ली. उलट्यांनी डोळे पांढरे केले पोरीनं. दवाखान्यात मी भिंतीला टेकून म्हणून राहिले, शांते, तुझीच पोर हाय, नेऊ नको गं. वाचली. लेकरूबी वाचलं.

घरी आल्याबरोबर मी कुदळ घेतली. मालन आडवी आली, काकी, आईचं एवढंच राहिलंय. मग म्हणलं राहू दे, पण तोडणार मीच.

तसंच चाललं लई वर्षं. मागच्या थंडीत तापातून उठले अन् चहालाबी लसणाचा वास. परवा फुललेली लिली हुंगली, तिलाबी. हात धुतले, नुसतं पाणी हुंगलं, पाण्यालाबी तोच वास. आता लिली कुठली अन् लसूण कुठला, मला कळंना. मालन म्हणती, आई आली असंल काकी. मी म्हणलं, कशाची आई, नाक गेलं माझं. पण खरं सांगू, दुपारी घर सामसूम असतं, वास येतो, अन् मी वळून बघते.

आता मालन माहेरी आली की तीच तोडती. मी तांब्या घेऊन शेजारी बसते, दर पातीला तिच्या हातावर पाणी घालते. चिडती, काकी, किती धुवायला लावतीस. सुखी राहा बाई, म्हणते, पण धू.