पहिल्या फेरीचा चाहता

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक नवरा-बायको नंबराची वाट बघत बसले होते. भिंतीवरच्या टीव्हीवर टेनिस चालू होतं.

“अहो, हा तुमचा लंबू ना? टीव्हीवर आलाय बघा!”

“माझा नाही आता तो.”

“काय हे! चार वर्षं त्याच्या मागे गावोगाव हिंडलात. माझ्या सख्ख्या भावाचं लग्न सोडून त्याची मॅच बघायला गेलात!”

“तेव्हा खेळ होता त्याच्यात. असा हरायचा, की माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. आणि बघायला कोण? मी, पंच आणि एक कुत्रं.”

“आज अख्खं स्टेडियम भरलंय.”

“तेच तर! आता काय, कुणीही टाळ्या वाजवतं.”

“जिंकतोय हो बिचारा.”

“बिघडला. लागोपाठ तीन मॅच जिंकला, तेव्हाच मला शंका आली होती.”

“मग आता कुणाच्या मागे जाणार?”

“एक नवा हेरलाय. अगं, त्याची सर्व्हिस नेटच्या वर जातच नाही! अजून एकदासुद्धा पहिल्या फेरीच्या पुढे गेलेला नाही. जीव लावावा असा मुलगा आहे.”

“आपल्या धाकटीलाही असाच जीव लावलात. गणितात गटांगळ्या खायची, तेव्हा रोज शेजारी बसून शिकवायचात.”

“मग? पोरगी आहे माझी. यंदाचा निकाल कधी आहे तिचा?”

“परवाच लागला.”

“मला कुणी सांगितलं नाही ते! काय झालं?”

“वर्गात पहिली आलीय. पण बाबांना सांगू नकोस, म्हणाली.”