ओळखीचा व्हिडिओ

कुओपिओच्या आरोग्यकेंद्रात माझ्या मागच्या बाकावर दोन बायका बसल्या होत्या. एकीचा नवरा ताउनो आत डॉक्टरांकडे होता. दुसरी त्याची बहीण.

"वहिनी, खरंच विद्यापीठात नाव घातलंस? या वयात?"

"घरबसल्या आहे गं, एल्सा. ताउनोला एकटं टाकून कुठं जाणार? स्वयंपाकघरातच मांडलाय कंप्युटर."

"आणि शिकणार काय?"

"इतिहास. लग्नाआधीच शिकायचा होता."

"मग? झाले का तास सुरू?"

"कसले सुरू! आधी पासवर्डनं रडवलं. मग म्हणे, स्वतःची ओळख सांगणारा व्हिडिओ पाठवा, वर्गातल्या सगळ्यांना दाखवायला."

"अगंबाई! आणि बोललीस तू?"

"बोलले. शिवणकाम करायचे, नवरा आजारी आहे, त्याला आता माणसं ओळखू येत नाहीत, सगळं सांगितलं. नीट झालाय का म्हणून लावून बघत होते, तर हा मागे येऊन उभा."

"दादा? चिडला असेल."

"छे. शेवटपर्यंत ऐकलं, डोळे पुसले. म्हणाला, 'केवढं सोसतेय बिचारी. तुम्ही ओळखता का हिला?'"

"तुम्ही म्हणाला? तुला?"

"हो. म्हणाला, 'एकदा कॉफीला घेऊन या तिला. माझी बायको फार मायाळू आहे. तिच्याशी बोलून बरं वाटेल हिला.'"

"वहिनी... मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? म्हटलं, आणते हं."