मी निस्ती सोंगटी सरकवली

...आन् वर मलाच इचारत्यात, मुजफ्फर, लेकीसारखी पोरगी, तिला हरवताना तुझा हात कसा रं उचलला? आता माझं कळस गावात मोबाईल-टीव्ही दुरुस्तीचं दुकान, घोडा कुठून कुठं जातो हे मला काय ठावं? मी निस्ती सोंगटी सरकवली.

झालं असं, आमच्या रावजीआबांची नात सृष्टी, ती बुद्धिबळात ग्रँडमास्टर झाली. ग्रँडमास्टर म्हंजे कुस्तीत केसरी असतो का न्हाय, तसलं. परदेशात जाऊन भल्याभल्यांना चीत करून आली, आन् तिला पहिला पट मांडून दिला तो आबांनीच, ती परकरात असताना. गावाला वाटलं, सत्कार करावा. तर मंडळाचा अध्यक्ष अजित म्हणतो, "शाल-नारळ सगळीच गावं देत्यात, आपून तिची लढत लावू." म्हणलं, कुणासंगं? "कॉम्प्युटरसंगं. तुझ्याकडं हाय की."

हाय म्हंजे, हाय. लॅपटॉप हाय. तेवढ्यावर मी आयोजक झालो.

सृष्टीताईला फोन लावला. ती हसली. म्हणली, "दादा, त्याला आता जगात कुठलाच माणूस हरवत नाही. मीपण हरणार." हे मी जसंच्या तसं अजितला सांगितलं, तर तो म्हणतो, "म्हंजे लढत तगडी हाय," आन् फ्लेक्सची ऑर्डर देऊन मोकळा. मी परत फोन केला, ताई, ऱ्हाऊ द्या, निस्ता सत्कार घ्या. तिनं इचारलं, "आबा येणारेत बघायला?" म्हणलं, पहिल्या रांगेत. म्हणली, "मग येते."

आन् फ्लेक्स आला. एका अंगाला ताई, हातात ट्रॉफी. दुसऱ्या अंगाला लॅपटॉप काय उठून दिसंना, म्हणून अजितनं तितं माझा फोटू टाकलेला. लग्नातला. मधी मोठ्या अक्षरात 'विरुद्ध'. तुमाला सांगतो, खेळाच्या आधीच मी गावातनं उठलो.

आता मशीनला हात न्हाईत, तवा ताईची चाल लॅपटॉपात भरायची, मग पडद्यावर बाण दिसंल तितं सोंगटी मी सरकवायची, एवढंच माझं काम. शाळेच्या पटांगणात मंडप, सगळं गाव हजर, अजितनं हलगीवाला बिरूसुदीक बसवला, का तर सोंगटी मेली की हलगी. ताईनं हात जोडले, "बिरूकाका, मी विचार करताना तेवढी नको." तवापास्नं बिरू हलगी मांडीवर घिऊन असा बसला जसा काय दवाखान्यात बसलाय.

ताई इचार करायची, मशीन करायचीच न्हाय. ताईची चाल भरली की बाण हजर. मागनं वरडा, "मुजफ्फर, थांब की जरा, पोरीला दम तर घिऊ दे." आरं, मी कुठं खेळतोय? मी निस्ती सोंगटी सरकवतोय. एरवी आमच्याकडं लाईट सांगून जात न्हाय, त्या दिवशी सगळा मंडप पंख्याकडं डोळं लावून, आता जाईल, मग जाईल... बया गेलीच न्हाय. आन् गेली असती तरी लॅपटॉपची बॅटरी फुल हुती, पर ते मी कुणाला बोललो न्हाय.

ऊन उतरलं तरी ताई हटंना. लोकांना वाटलं, जिंकतीय. आन् तेवढ्यात बाण कुठं, तर थेट तिच्या वजिराव. माझा हात तितंच थांबला. म्होरं बसलेली ठमाबाई म्हणली, "मुजफ्फर, हात मागं घी." मी ताईकडं बघितलं. ती हळूच म्हणली, "मारा, दादा."

मारला. बिरूनं हलगी वाजवली न्हाय.

मग थोड्या येळानं ताईनं हात म्होरं केला. मला वाटलं पाणी मागतीय, मी तांब्या दिला. म्हणली, "हात मिळवा, दादा. मी हरले."

आबा काठी टेकत आले. "हरलीस व्हय?"

"व्हय आबा."

"आधी ठावं हुतं?"

"हुतं."

"मग कशाला बसलीस गं?"

म्हणली, "मोठी झाल्यावर तुमी मला खेळताना बघितलंय कुठं? सामने सगळे लांब लांब. म्हणलं, आबांनी एकदा बघावं."

आबांनी तिचा राजा उचलला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत जागंव ठिवला. म्हणले, "लई टिकलीस." आन् मंग कुठं बिरूनं जी हलगी घुमवली, ती अजितनं हात धरला तवा थांबली.

घरी आलो तर अम्मी दारात. आमची मेहबूबबी म्हंजे तुमाला ठावं न्हाय. "पाहुण्या पोरीला हरवून आलास, आता भाकरी माझ्याच हातची पायजे?" म्हणलं, अम्मी, मी निस्ती सोंगटी सरकवली. म्हणती, "मग चुकीची सरकवायची."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं, तर आबा पट घिऊन हजर. "बस. मशीन न्हाय, काय न्हाय. तू आन् मी." गिऱ्हाईक उभं, टीव्ही उघडा पडलेला, आन् मी हरतोय. तवापास्नं रोज. हरवत्यात आन् घरी जाताना चावडीव सांगत जात्यात, माझ्या नातीला हरवणाऱ्याला आज पुन्हा लोळवला.

परवा ताईचा फोन आला. "दादा, आबा लई खुशीत आहेत. तुम्ही रोज मुद्दाम हरता ना त्यांच्याकडून? तेवढं चालू ठेवा."

म्हणलं, ताई, त्याची काळजी तुमी करू नका. मला दुसरं काय येतच न्हाय.