आईच्या नावानं गायलेलं

—बस म्हणते ना! घर कुठं पळून चाललंय? तेरा वर्षं आत काढलीस, आणखी दहा मिनिटांनी काय आभाळ कोसळणार आहे? पिशवी ठेव तिथं, लिंबांच्या टोपलीपाशी. आणि हा घे गिलास—अरे असा नाही, असा नाही! पाय फाकव, वाक खाली, सोडा पडला की उतू जातं हे, विजारीवर सांडेल सगळं. विसरलास होय? आत लिंबूपाणी कोण देतंय म्हणा. पी, एका दमात पी. हां. आता कसं माणसासारखं तोंड झालं.

तू मला ओळखलं नाहीस. कसं ओळखशील, पाहिलंयस कधी? मी मात्र तुरुंगाच्या फाटकातून बाहेर पडलास तेव्हाच म्हटलं, ही हनुवटी आपल्या माहितीतली—तुझ्या आईची, दोन्ना रफिलिनाची हनुवटी, तश्शीच, कुणाशी तरी भांडायला निघाल्यासारखी. आणि मग सानिता वस्तीत जाणारी ट्राम विचारलीस ना मला आत्ता, तो आवाज ऐकला आणि अंगावर काटा आला बघ. तू सबातीनो. मी ब्रिजिदा. दर गुरुवारी दुपारी तुरुंगासमोरच्या त्या चढावर उभी राहून, कानामागं हात धरून, तुझ्या आईचा निरोप तुला गाऊन सांगायची ती बाई मीच. रडू नकोस रे. हात सोड, गिऱ्हाइकं बघतायत. मावशी म्हण, सगळे मावशीच म्हणतात.

काय म्हणालास? आधी आईच्या पाया पडतो आणि मग निवांत येऊन भेटतो? हं. बस. बस जरा.

तुला ठाऊक आहे ना आमच्या गाण्याची रीत? सुरुवातीला लिंबाच्या पानाला हाक मारायची, लांब, छाती फुटेस्तोवर, म्हणजे आतल्या सगळ्या खिडक्या गप्प होतात—मग नाव घ्यायचं, मग निरोप. माझी आई गायची, तिची आई गायची. पोरगा झाला, गायचं. बहिणीचं लग्न ठरलं, गायचं. वकील म्हणतो तोंड उघडू नकोस, तर तेही गायचं, पण असं फिरवून फिरवून की पहारेकऱ्याला वाटावं हिरवळीचं वर्णन चाललंय. सगळं गायचं. फक्त मरण गायचं नाही. आतल्या माणसाला ना खांदा देता येत, ना रडायला एक कोपरा मिळत, त्याला भिंतीवरून मरण फेकून मारायचं नाही, असं आई सांगायची. कुणी गेलंच तर म्हणायचं, ती प्रोचिदा बेटाला गेली, समुद्राची हवा खायला. जुने कैदी समजून जायचे आणि नव्याला हळूच सांगायचे. तुझ्या शेजारच्या कोठडीतल्याचं आठवतं? त्याची बायको प्रोचिदाला गेली म्हणून मीच गायले होते. चार दिवस जेवला नाही म्हणे तो.

नाही. तुझ्यासाठी तसं कधी गायले नाही. म्हणूनच तर तुला बसवून ठेवलंय रे.

सबातीनो, तुझी आई गेली. तीन हिवाळे झाले. छातीत कफ भरला, आठ दिवसांत आटोपलं. बहीण तुझी अर्जेंटिनात, तिला पत्र पोचायलाच दोन महिने, आणि तुला कळवणार कोण? मी. मीच कळवणार होते. त्या गुरुवारी चढावर गेलेच होते प्रोचिदा ओठावर घेऊन. लिंबाच्या पानाला हाक मारली, खिडक्या गप्प झाल्या, आणि आतून तू ओरडलास, 'आई!' नेहमीसारखाच. आणि मी गायले की तुझी खोली झाडून ठेवलीय, दिवा लावलाय, पायऱ्या चढवत नाहीत म्हणून भेटीला येत नाही, बाकी बरी आहे. तीन वर्षं बरी आहे, बरी आहे. माझ्या मेलेल्यांची शपथ, दर बुधवारी ठरवायचे, उद्या सांगायचं.

उठू नको. उठू नको म्हणते ना! कुठं जातोस, तुमच्या त्या चौथ्या मजल्यावर दुसरी माणसं राहतात आता.

का नाही सांगितलं? लाज वाटते सांगायला. मला मूलबाळ नाही. नवरा होता तो बंदरावर कामाला गेला तो गेलाच. आयुष्यात मला 'आई' म्हणून कुणी हाक मारली असेल तर ती त्या भिंतीमागून, तू, आणि तीही मला नव्हे. पण यायची माझ्याच अंगावर ना? तिथं चढावर मीच उभी असायचे. प्रोचिदा म्हटलं असतं की हाक बंद. मग गुरुवारी मी करायचं काय? चोरीच म्हण हवं तर. म्हण, मी नाही रागावणार.

आणि फुकट नाही पचली हो चोरी. ती यायची. आई तुझी—पुरल्यानंतर. माझ्या डाव्या हाताला उभी राहायची, जिवंतपणी राहायची तशीच, त्या काळ्या शालीला कापराचा वास यायचा ना, तो यायचा, रणरणत्या उन्हात, वारा नसताना. मी मान नाही वळवली कधी. तिला जागा सोडून उभी राहायचे आणि गायचे. गळा माझाच असायचा, पण मधेच एखादी तान अशी निघायची की मी ती घेतलेलीच नसायची. घाबरून हात सुटायचा कानामागचा. गेल्या गुरुवारीसुद्धा आली होती. तू सुटणार हे तिला कळलं असणार.

हो, जिवंतपणी यायची ना. दर गुरुवारी, दहा वर्षं, पाऊस असो ऊन असो. नाही रे, गुडघे कसले दुखत होते, चढ चढताना मला हरवायची ती! तिथवर यायची आणि तुझ्या भेटीला मात्र—

अगं ब्रिजिदा, जीभ आहे की कात्री.

काही नाही. सोड. अजून एक गिलास करू? नको? असं बघू नकोस माझ्याकडं, हुबेहूब ती बघायची तसा बघतोस. बरं. बरं, ऐक. सगळंच ऐक, नाहीतर ती मला इथंही सोडायची नाही.

पहिल्या आठवड्यात आली माझ्याकडं. फेर्दिनान्दोला पुरून चार दिवस झाले होते. तू ज्याला सुरा मारलास त्या फेर्दिनान्दोलाच तिनं स्वतःच्या अंगावर पाजलं होतं, त्याच्या आईला दूध नव्हतं म्हणून, तुला एका बाजूला आणि त्याला दुसऱ्या—हे मी तुला काय सांगायचं. म्हणाली, 'ब्रिजिदा, त्याला गाऊन सांग, मला दोन पोरं होती, एकानं दुसऱ्याला मारलं, उरलेला मला नको. घराचं दार त्याला बंद. माझ्या मढ्यालाही हात लावायचा नाही.' असं. शब्दन् शब्द असा. मी म्हटलं, बरं. निरोप आहे, आपल्याला काय. चढावर गेलो दोघी. मी पानाला हाक मारली, तुझं नाव घेतलं, आणि आतून तू—बावीस वर्षांचा घोडा, आणि आवाज असा की जत्रेत हरवलेलं पोर. 'आई!' माझ्या तोंडून निघालं, 'दिवा लावून ठेवलाय.' कुठून निघालं, देव जाणे. ती बाजूलाच उभी. मला वाटलं आता थोबाडीत बसते. तिनं हात उचललाही होता. मग तशीच उभी राहिली, हात वरच, आणि तू आतून रडत होतास ते ऐकत राहिली.

पुढच्या गुरुवारी पुन्हा हजर. मी विचारलं, काय गाऊ? म्हणाली, तुला सुचेल ते. बस्स, दहा वर्षांत निरोप असा एकही दिला नाही तिनं. एकही नाही रे. दिवा, खोली, तुझ्यासाठी विणलेला गळपट्टा, सगळं माझ्या पदरचं. ती ऐकायची, शालीत तोंड खुपसून हमसून हमसून रडायची, आणि गाणं संपलं की डोळे पुसून म्हणायची, 'खोटारडी कुठली.' आणि जायची निघून. माफ केलं का ते मला विचारू नकोस. तोंडानं म्हणाली नाही, शेवटपर्यंत नाही. पण गुरुवार एकही चुकवला नाही, हेही तितकंच खरं. तू काय ते समज.

काय? पुन्हा बोल. नाही, डोकं फिरलंय तुझं. सांगितला ना निरोप, आत्ता सांगितला. बोललेला नको? तेरा वर्षं तू गायलेलंच खरं मानलंस म्हणून हाही गाऊनच हवा? इथं, भर दुपारी, माझ्या लिंबूपाण्याच्या गाडीपाशी? बाळा, काय करशील ते ऐकून? ... तिचाच आहे म्हणून. तिचा एकच तर आहे म्हणून.

बरं. तोंड तिकडं कर. भिंतीकडं. तुझा चेहरा दिसला तर जमायचं नाही मला, चेहरा नव्हता म्हणून तर इतकी वर्षं गाता आलं. हं. असाच उभा राहा, वळू नकोस.

लिंबाच्या पाना... ए लिंबाच्या पानाऽऽ... सबातीनो, तुझी आई सांगते... तुझी आई सांगते, घराचं दार... घराचं...

नाही येत रे. किती ओढलं तरी गळ्यातून वर येतच नाही ते. जा तू. वळून बघू नकोस, जा म्हणते ना.