भिमाबाईंचा फॉर्म

आदरणीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावरील सर्व मान्यवर, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते आमचे डॉक्टर गायधनी सर, आणि सभागृहातील बंधुभगिनींनो,

मी चैताली. सरांच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये चार वर्षं तंत्रज्ञ आहे. आधीच्या वक्त्यांनी सरांच्या शिस्तीचा गौरव केला. तो योग्यच आहे. पण ती शिस्त एकदा मोडली, आणि मी मोडली. हे कुणी सांगितलं नाही, कारण सर सोडून कुणाला ते ठाऊक नाही.

तपासणीला रुग्णाच्या गाठीचा तुकडा येतो, सोबत सर्जनचा फॉर्म येतो. सर तो फॉर्म उलटा ठेवतात. आधी स्लाइड, मग फॉर्म. मी कारण विचारलं, तर म्हणाले, "अगं, मुलगा इंजिनियर आहे असं आधी सांगितलं, की सगळ्यांना तो देखणाच दिसतो."

दोन हजार एकचा नोव्हेंबर. मखमलाबादला शेवंती पिकवणाऱ्या भिमाबाईंना लघवीतून रक्त जात होतं. त्यांच्या मूत्राशयातल्या गाठीचा तुकडा आला. रिपोर्टसाठी सर्जनचा दोनदा फोन आला होता. सरांचा डोळा मायक्रोस्कोपला लागलेला असताना मी फॉर्म मोठ्यानं वाचला, "मूत्राशयाचा कॅन्सर. शुक्रवारी मूत्राशय काढणार."

का वाचला? नवीन होते. तत्पर दिसायचं होतं.

सर म्हणाले, "पेशी सुट्या सुट्या दिसताहेत गं." मग स्वतःच म्हणाले, "तुकडा काढताना चिमट्यात चिरडल्या असतील." फॉर्मवर होता तोच कॅन्सर रिपोर्टात गेला. शुक्रवारी ऑपरेशन झालं.

काढलेलं मूत्राशय बरणीतून आमच्याकडेच आलं. आता तपासायला भरपूर होतं, आणि पेशी सुट्याच होत्या. मूत्राशयाच्या नेहमीच्या कॅन्सरमध्ये त्या एकमेकींना चिकटून असतात. नमुना खास तपासणीसाठी मुंबईला पाठवला. दहा दिवसांनी उत्तर आलं : लिम्फोमा, म्हणजे पांढऱ्या पेशींचा कॅन्सर. मूत्राशयातच सुरू झालेला, अत्यंत दुर्मिळ. त्याला औषधं लागू पडतात. मूत्राशय बहुधा काढावं लागत नाही.

सर मला घेऊन मखमलाबादला गेले. भिमाबाई ओट्यावर बसल्या होत्या, पोटाला लघवीची पिशवी.

सर म्हणाले, "बाई, निदान चुकलं. चूक माझी."

"मंग काढलेली पिशवी परत बसवता येती का?"

"नाही."

"मंग येवढं सांगाया आले का?" त्यांनी आत लेकीला हाक मारली, "तानु, च्या ठेव गं. डॉक्टरांचं तोंड लय उतरलंय." मग माझ्याकडे बघून, "आन् ही पोरगी कोन? काहीच बोलत नाय."

सर म्हणाले, "लॅबमध्ये असते. हिचा यात काही संबंध नाही."

मी फाइल धरून उभी राहिले. चहाही घेतला.

पुढे जखम चिघळली. किमोथेरपी सुरू व्हायला सहा आठवडे उशीर झाला. दुसऱ्या डोसनंतर ताप चढला तो उतरलाच नाही. मार्चमध्ये भिमाबाई गेल्या. वेळेवर औषधं मिळाली असती तर जगल्या असत्या का? खात्रीनं सांगता येत नाही. शक्यता चांगली होती, एवढंच सांगता येतं. मी ते रोज तपासून पाहते. उत्तर बदलत नाही.

सर, तुमच्या त्या एका वाक्याआड मी चार वर्षं उभी आहे. आज बाजूला होते.

संयोजकांनी मला बोलू दिलं, त्यांची मी आभारी आहे. समारंभाला न शोभणारं बोलले असेन, तर आपण मला क्षमा कराल. ज्यांची मागायची होती त्या माझ्याकडे बघून विचारत होत्या, ही पोरगी कोण. तेव्हाच मागायला हवी होती.