मैनेची एक खूण

सन्माननीय अध्यक्ष मालोजीराव, व्यासपीठावरील थोर पाहुणे मंडळी, महाड-पोलादपूरचे ग्रामस्थ, समोर बसलेल्या माताभगिनी, आणि माझ्या हातचा मार खाऊनही आज माझ्यासाठी हार घेऊन आलेले माझे विद्यार्थी,

तीस वर्षांच्या नोकरीनंतर आज आपण मला निरोप देत आहात. शाल दिलीत, श्रीफळ दिलेत, मी आपला ऋणी आहे. आमचे सहदेवराव आताच म्हणाले, "कोंडाजी मास्तरांची हाक सावित्री नदीपल्याड ऐकू जायची." टाळ्याही पडल्या. सहदेवराव, तुमचा कान मी पुष्कळदा पिरगाळला आहे, म्हणून तुमचे म्हणणे खोडायला जीव होत नाही. पण माझ्याच घरात एक जीव होता, त्याला माझी हाक नऊ वर्षांत एकदाही ऐकू गेली नाही.

पुष्कळांना माझी लेक मैना आठवत असेल. जन्मापासून बहिरी, म्हणून मुकी. शाळेच्या खिडकीत उभी राहून वर्ग बघत असे. घरी मायलेकी हातांनी बोलत. भात शिजला, गाय सुटली, शेजारीण रुसली, सगळे हातांनी. हसतही फार. मला त्यातले काही कळत नसे, आणि मास्तराच्या घरात या माकडचेष्टा चालतात याची लाज वाटे. हो, लाजच वाटे. आता खोटे कशाला बोलू?

मुंबईहून आलेल्या एका शिकल्यासवरल्या गृहस्थांनी सांगितले, खुणा बंद करा, वाचा फुटेल. मला ते पटले. पाठाच्या वेळी मी पोरीचे हात उपरण्याने बांधू लागलो आणि ओठ दाखवून शिकवू लागलो. वर्षाने एक अक्षर आले, "बा". माझे कुटुंब तुळजाबाई रोज म्हणे, "अवो, सोडा तिचे हात. तिला बोलायला येत नाय, पन सांगायला येतंय ना?" मी ऐकले नाही. साऱ्या तालुक्याला शिकवणारा माणूस बायकोकडून शिकतो होय?

सन अठ्ठावीसच्या मार्गशीर्षात तुळजाबाई भावाच्या लग्नाला माहेरी, कुडपणला गेली. पाठ बुडेल म्हणून मैनेला मीच ठेवून घेतले. लाड करणारे कोणी नाही, म्हणून हात दिवसभर बांधले. जेवायला सोडले, तर जेवेना. हात पोटाशी नेऊन काही सांगू लागली. मला वाटले, आईवाचून रुसली आहे. मी पुन्हा बांधले.

दुसऱ्या दिवशी ती आपणहून "बा, बा" म्हणू लागली. एकसारखी. सज्जनहो, मी खूश झालो. पाठ जमला म्हणून तो आणखी घोटून घेतला.

चौथ्या सकाळी तुळजाबाई आली. तिने हात सोडले. मैना बराच वेळ तिच्याशी बोलत होती. मी विचारले, काय म्हणते? माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "तीन दिस पोटात कळा येतायत म्हंते. तुमाला हाका मारल्या म्हंते."

बैलगाडी जुंपून महाडच्या डॉक्टरांकडे निघालो. गाडीत मैनेने माझ्याकडे बघून स्वतःचे दोन्ही कान धरले. शाळेच्या खिडकीतून शिकली होती ती. पोरे चुकली की कान धरतात, मग मास्तर मारत नाहीत. पाठ नीट झाला नाही म्हणून माझी पोर माझी माफी मागत होती. महाड यायच्या आधीच ती गेली.

आठ वर्षे झाली. तुळजाबाई माझ्याशी बोलते, वेळेवर वाढते, तोंडाने कधी दोष दिला नाही. पण तिचे हात त्या दिवसापासून गप्प आहेत. आज ती इथेच, समोर बायकांत बसली आहे.

असो. अध्यक्षमहाराजांचे, पाहुण्यांचे आणि हा समारंभ उभा करणाऱ्या सर्वांचे मी मनापासून आभार मानतो. शेवटी अधिकउण्याची क्षमा मागायची रीत आहे. आपणा सर्वांची मी ती तोंडाने मागतो. एका व्यक्तीची मात्र तोंडाने मागून भागणार नाही. मैनेच्या बोलीतली मला एकच खूण येते. विद्यार्थ्यांनो, तुम्हांला मी ती भर वर्गात करायला लावली आहे, तेव्हा हसायचे तर खुशाल हसा.

ही शाल जरा कोणीतरी धरा. मला दोन्ही हात मोकळे हवेत. मैनेच्या आई, इकडे बघ.