कोपऱ्यातलं बटण

—नाही नाही काकू, मला विचारायचं नाही. मी इथे नाहीच असं समजा. हे ॲप मी बनवलंय, म्हणून तर मला तोंड उघडायची बंदी—आमच्या कामाचा नियमच आहे, समोरचा माणूस अडला तरी डिझायनरनं सांगायचं नाही, कुठे अडतो ते नुसतं बघायचं. तर तुमची गोळी संपलीय आणि ती या फोनवरून मागवायचीय. बस्स, एवढंच. मनात येईल ते मोठ्यानं बोला. कॅमेरा चालू आहे, सगळं त्यात राहतं, त्यामुळे मी तर शब्दही काढणार नाही.

घाबरलात होय? अहो, ही परीक्षा तुमची नाही, ॲपची आहे. चुकलं तर ते चुकलं, तुम्ही नाही—हे वाक्य मी झोपेतसुद्धा म्हणत असेन. आमची पद्धतच ती, आधी माणसांत जाऊन बसायचं, काय खटकतं ते विचारायचं, मग कागदावर आखायचं, लोकांपुढे ठेवायचं, त्यांनी नाकं मुरडली की खोडून पुन्हा आखायचं. साहेबांना वाटतं मी रंग देतो. "जरा निळं करा!" झालं यांचं डिझाइन. ...हां, सावकाश बघा. मी बोलतोय का मध्ये? नाही ना?

तुम्ही शोधत राहा, मी आपलं बाबांचं सांगतो. एकटे असतात, ब्लडप्रेशरची गोळी रोजची. हे ॲप सध्या थोड्याच घरांत चालू केलंय, त्यात त्यांचं घर मी मुद्दाम घातलं. सुरुवातीला संध्याकाळ झाली की फोन—"अरे, कुठे दाबायचं हे?" मी सांगायचो. मग नळ गळतोय, शेजाऱ्यांचं कुत्रं भुंकतंय, तू बारीक झालायस—आता फोनवर बारीक कसा दिसेन मी? पण त्यांची एकेक अडचण मी दूर केली. गोळी मागवायचं बटण मोठं केलं, वर आणलं, डोळे मिटून सापडेल असं. साहेब खूश! आणि बाबांचा फोन बंद. विचारायला काही उरलंच नाही ना. तुम्ही म्हणाल, मग आपण करावा—करून बोलू काय? "जेवलात?" "जेवलो." संपलं.

तिकडे नाही, काकू... म्हणजे जा हवं तर, मी कोण सांगणारा! तर गेल्या आठवड्यात मी काय केलं—हे आपलं तुमच्यामाझ्यात—ते बटण उचललं आणि कोपऱ्यातल्या तीन टिंबांच्या मागे टाकलं, टिंबं दाबल्याशिवाय दिसायचंच नाही असं. साहेबांना म्हटलं, पडदा कसा मोकळा दिसतो बघा. म्हणाले, वा! मला वाटलं, बाबा अडतील, करतीलच फोन. नाही केला. अजून नाही. सापडलं असणार, दुसरं काय? आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, त्यांना तीन टिंबांचं काय कौतुक! खरं सांगू, मला रागच आला त्यांचा.

अहो, फोन खाली का ठेवलात? डोळ्यांचा काय संबंध? डोकंही ठणठणीत आहे तुमचं, असं काय बोलता—म्हटलं ना मी, चूक ॲपची. बरं, घरी असतात तर सुनेला विचारलंच असतं ना? नाही? का? ...ती कामात असते, हो, पण एक मिनिटाचा प्रश्न, त्यात कसला आलाय त्रास? मग गोळी कशी मागवली असती?

मागवलीच नसती? म्हणजे... तशाच राहिला असतात? गोळीशिवाय? आणि कुणाला सांगितलंही नसतं?

काकू, तुम्ही निघा आता. हो, झालं, संपलं. चहा बाहेर ठेवलाय, घ्या. नाही हो, तुमचं काहीच चुकलं नाही. बघू, तो माझा फोन द्या इकडे—तो नाही, तो दुसरा. आणि जाताना दार ओढून घ्या... वाजतोय. नुसताच वाजतोय. काकू, जा म्हटलं ना मी! ...उचला ना, बाबा.